मेश्रामबाईंच्या मागोमाग

रायपूरहून परत आल्यापासून वॉर्डात मला एकच प्रश्न विचारला जातोय, "सिस्टर, तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. आमच्या साताऱ्याकडची माणसं कामाशिवाय नागपूरच्या पुढे जात नाहीत, आणि नागपूरची आठवणही संत्री बाजारात आली की होते. मीही आपणहून गेले नसते. पण छत्तीसगडच्या परिचारिका संघटनेनं यंदाच्या वार्षिक अधिवेशनाला शेजारच्या राज्यांतूनही प्रतिनिधी बोलावले, आमच्या जिल्ह्यातून दोघींनी जायचं ठरलं, आणि रजेचा अर्ज पुढे केला त्या दिवशी आमच्या मेट्रनबाईंचा मूड बरा होता. म्हणून मी गेले.

दुसरी होती नसीम मुल्ला. वयानं माझ्या निम्मी, बोलण्यात माझ्या दुप्पट. गाडीत तिनं डब्यातल्या निम्म्या बायकांचं ब्लडप्रेशर विचारून घेतलं होतं. प्रवासाचं याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. बसून बसून पाय सुजले, एवढं लिहिते आणि थेट रायपूरला उतरते.

बीरगांव

आमची सोय हॉस्टेलवर व्हायची होती, पण माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली आणि खोल्या कमी पडल्या. "तुम्ही मराठी ना? मग तुम्हाला मराठी घरातच देतो," असं फोनवर सांगून संयोजकांनी आम्हा दोघींना बीरगांवच्या मेश्राम कुटुंबाकडे पाठवलं. स्टेशनवर घ्यायला विनोद मेश्राम आला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत कामाला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. विनोदची बायको रेखा स्टाफ नर्स, अधिवेशनाच्या धावपळीत पुढे असलेली.

बीरगांव म्हणायला वेगळं गाव, पण रायपूर कुठे संपलं आणि ते कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतले कारखाने त्याला खेटून उभे आहेत. दारात रेखा फडकं घेऊन कठडा पुसत होती. आम्ही चहा पिऊन बाहेर आलो तर त्याच कठड्यावर पुन्हा बारीक काळी पूड बसलेली. मी बोट फिरवून पाहिलं. वॉर्डातल्या खिडक्यांवर बोट फिरवून आयांना रागावण्यात माझं आयुष्य गेलंय, ती सवय कुठे जाणार!

"राहू द्या ना जी ताई," रेखा हसली. "इथे दिवसातून तीनदा पुसतो आम्ही. कपडे तर वाळत घालूनच राहिलो, वाळत घालूनच राहिलो. या, आत या. अन् एक सांगून ठेवते, भाकर मिळणार नाही. ज्वारी इकडे कोणी खात नाही. आमच्याकडे तिन्ही वेळा भातच."

तिन्ही वेळा भात हे ऐकून मी मनातल्या मनात हात टेकले. पण सकाळी तिनं तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार चिले केले, सोबत टोमॅटो भाजून वाटलेली तिखटजाळ चटणी. नसीमनं किती खाल्ले ते मी मोजलं नाही, मोजणं बरंही दिसलं नसतं. भाताबद्दलची माझी तक्रार तिथेच संपली.

अंगणात उन्हाला खुर्ची टाकून विनोदची आई बसली होती. मेश्रामबाई. पिकलेले केस घट्ट विंचरलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला, तोंडाची उजवी बाजू किंचित ओघळलेली. आम्हा दोघींना काही सांगावं लागलं नाही. नसीमनं नमस्कार करता करताच त्यांची नाडी धरली, आणि मी, अगदी सवयीनं, म्हणाले, "बाई, माझा हात दाबा बघू."

त्यांनी हात दाबला नाही. माझ्याकडे रोखून पाहिलं, डाव्या हातानं माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि माझ्या छातीवरची, प्रवासात वाकडी झालेली संघटनेची पिन सरळ केली. मग मला सोडून दिलं. घरी आलेल्या पाहुणीनं यजमानीणबाईंना तपासायला सुरुवात करावी, हा अपराध फक्त आम्ही नर्सेसच करू शकतो. माझे कान लाल झाले.

"दिवाळीच्या आधी झटका आला आईले," विनोद मागून म्हणाला. "हात गेला, वाचा गेली. आता तिले काही समजत नाही जी."

हे तो त्यांच्यासमोरच म्हणाला, आवाज न उतरवता. बाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. मी रेखाकडे पाहिलं. ती फडकं पिळत होती.

नंतर स्वयंपाकघरात तिनं सांगितलं. मेश्रामबाई नर्सिंग शाळेत शिकवायच्या. वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, संघटनेची इथली शाखा निघाली, तेव्हापासून दर अधिवेशनात नव्या नर्सेसना शपथ देण्याचं काम त्यांचं. निवृत्त झाल्यावरही त्यांचंच. आमच्याकडे शपथ पहिल्या दिवशी, पाहुण्यांची भाषणं संपता संपता उरकतात. इथे ती शेवटच्या दिवशी असते आणि तिच्यासाठीच लोक थांबतात. मेश्रामबाई एक ओळ म्हणणार, मागोमाग सगळं सभागृह उभं राहून ती ओळ म्हणणार.

"यंदा दुसऱ्या सिस्टर देणार आहेत शपथ," रेखा म्हणाली. "आईचा शाल-नारळ देऊन सत्कार करू, म्हणे. मी आईले तसं सांगितलं. तर आईंनी काय केलं माहीत आहे? कपाट उघडून पांढरी साडी काढली. शपथेची. एका हातानं ओढून ओढून काढली अन् खुर्चीवर ठेवून दिली. मी उचलून ठेवली तर पुन्हा काढली."

"मग त्यांना समजतं की सगळं," नसीम म्हणाली.

"मले माहीत आहे ना समजते ते. पण ह्यांना कोण सांगणार?" तिनं बाहेर, विनोदच्या दिशेनं मान हलवली. "अन् समजलं तरी काय? तिथे माइकसमोर शब्दच नाही निघाला तर? सगळ्या नर्सेस आहेत, हसणार नाही कोणी. पण कीव करतील. आईची कोणी कीव केलेली मले नाही पाहवणार."

नवा रायपूर

अधिवेशन नव्या राजधानीत होतं. जुनं रायपूर ओलांडून विनोदनं आम्हाला तिकडे नेलं तेव्हा मी गाडीची काच खाली करून बघतच राहिले. मी आयुष्यात इतका रुंद आणि इतका मोकळा रस्ता पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना ओळीनं झाडं, सिग्नल नेमानं लाल-हिरवे होतायत, आणि थांबायला गाडीच नाही! मध्येच एक अवाढव्य इमारत, मग पुन्हा कापणी झालेली भातखाचरं, कमळाच्या पानांनी भरलेलं तळं, तळ्यात पोहणाऱ्या म्हशी, आणि लगेच दुसरी अवाढव्य इमारत. कोणीतरी आधी मोठ्या शहराचे रस्ते आखून ठेवलेत आणि आता माणसांची वाट बघतंय, असं वाटत होतं. आमच्याकडे आधी माणसं येतात, दुकानं येतात, गटार तुंबतं आणि मग रस्ता रुंद करायचा विषय निघतो. हा उलटा प्रकार पाहून मला खरंच अचंबा वाटला. नसीम म्हणाली, "सिस्टर, इथे ॲम्ब्युलन्सला किती बरं पडत असेल!" आमच्या कौतुकाची झेप तेवढीच.

मग सभागृहात शिरलो. इतक्या नर्सेस एका छपराखाली मी कधी पाहिल्या नव्हत्या. बस्तरकडच्या, सरगुज्याकडच्या, ओडिशाच्या सीमेवरच्या. बऱ्याच केरळच्या, ज्या आता इथल्याच झाल्यात. सगळ्या रजा काढून, मुलांना कोणाच्या तरी गळ्यात मारून आलेल्या. दवाखान्यात आम्ही नेहमी कुणाच्या तरी मागे उभ्या असतो. इथे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत आम्हीच बसलो होतो. मला उगीचच भरून आलं. मी रुमाल काढला तर शेजारच्या अनोळखी बाईंनीही काढलेला.

नाश्त्याला पोहे आणि जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी खायची, हे मला आधी चुकल्यासारखं वाटलं, मग बरोबर वाटलं, आणि आता घरी मी तसंच खाते.

पहिल्या दिवशीचा घोटाळा मात्र सांगायलाच हवा. प्रत्येकीला एकसारखी खाकी पिशवी मिळाली. मी हुशारीनं पर्समधली चिकटपट्टी काढली, तीच, सलाइन लावताना हातावर लावतो ती, आणि पिशवीच्या पट्ट्याला चिकटवली. आता माझी पिशवी शंभरात ओळखू येणार होती. जेवणाच्या सुट्टीत पिशव्या भिंतीशी ठेवून आम्ही गेलो. परत येऊन पाहते तर भिंतीशी पिशव्यांचा डोंगर, आणि जिकडेतिकडे पट्ट्याला पांढरी चिकटपट्टी! प्रत्येकीला एकच युक्ती सुचली होती, आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये ती पट्टी होतीच. मग जो हशा पिकला त्यात दुपारचं पहिलं सत्र बुडालं. माझ्या वाट्याला जी पिशवी आली तिच्यात ठेठऱ्यांचा डबा निघाला. बेसनाच्या, कुरकुरीत, ओवा घातलेल्या. मालकीण सापडेपर्यंत आम्ही त्यातल्या बऱ्याच संपवल्या होत्या. मालकीण निघाली रायपूरचीच, ताकसांडे नावाची तरुण पोरगी. आमची माफी ऐकून ती म्हणाली, "अरे खाइए ना आंटी! मम्मी ने बनाया है। मैं मराठी समझती हूँ, बस बोल नहीं पाती।" आणि मेश्रामबाईंकडे आम्ही उतरलोय हे कळल्यावर तिनं दोन्ही हात कानाला लावले. "बडी दीदी? बाप रे! एक मात्रा इधर की उधर बोल दो तो पूरा हॉल फिर से बुलवाती थीं।"

सिलतऱ्याच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मी माझं भाषण उरकलं. विषय होता अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीच्या जखमा. जेवणाआधीचं सत्र असल्यामुळे सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जेवणात लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, जिमीकंदाची, म्हणजे सुरणाची, आंबट भाजी आणि शिवाय अशा पालेभाज्या, ज्यांची नावं मी विचारली आणि लगेच विसरले. इथे माणसं पालेभाजी ज्या भक्तीनं खातात त्या भक्तीनं आमच्याकडे फक्त मटण खातात.

संध्याकाळी विनोद घ्यायला आला तेव्हा नसीमनं त्याला सहज विचारलं, तुमचा कारखाना कसा असतो हो? एरवी हूं की चूं न करणाऱ्या माणसानं लगेच गाडी सिलतऱ्याच्या रस्त्याला लावली. सूर्य बुडत होता. धुरकट आभाळाखाली कारखान्यामागून कारखाने, रांगेनं उभे ट्रक, आणि त्यामागे एक भलंमोठं आडवं नळकांडं, रेल्वेच्या डब्यांच्या रांगेएवढं लांब, सावकाश गोल फिरत होतं. दुसऱ्या एका शेडच्या उघड्या तोंडातून लालभडक उजेड येत होता, आणि त्या उजेडात माणसं मुंगीएवढी दिसत होती.

"हे फिरते ना, त्याच्या आत दगड जाते अन् लोखंड होऊन बाहीर येते," विनोद म्हणाला. "मी कंट्रोल रूममध्ये असतो. आत काय चालून राहिलं ते दिसत नाही. आकडे पाहून समजून घ्यायचं."

रस्त्यापर्यंत ऊब येत होती. दगड आत जातो आणि लोखंड बाहेर येतं, ही गोष्ट शाळेत वाचली होती, पण ती अशी धगधगत समोर उभी राहिल्यावर मी तोंडात बोट घालायची तेवढी राहिले. साताऱ्यात आमचं सगळं कसं आटोपशीर, डोंगरसुद्धा ओळखीचे. इथे सगळंच माणसाला लहान करून टाकणाऱ्या मापाचं.

विनोद गाडीला टेकून उभा होता. काही विचारलेलं नसताना तो म्हणाला, "मॅडम, रेखा तुम्हाला सांगत असन, आईले सगळं समजते म्हणून."

मी हो म्हटलं.

"आधी मी रोज बसायचो तिच्यापाशी. ड्यूटीवरून आलो का सांगायचो, आज हे झालं, आज ते झालं. तर ती रडायची. मी बोललो का डोळ्यातून पाणी. शब्द शोधायची, तोंड हलवायची अन् रडायची. मग मी बंद करून टाकलं." तो त्या लाल उजेडाकडे पाहत होता. "समजत असन अन् बोलता येत नसन, तर किती त्रास होत असन, सांगा तुमी. त्यापेक्षा नाही समजत तेच बरं ना. मी तसंच धरून चाललो."

नर्स म्हणून मला बरंच काही सांगता आलं असतं. झटक्यानंतर अशा रुग्णांना रडू लवकर येतं, ते प्रत्येक वेळी दुःखाचंच असतं असं नाही, बोलणं थांबवू नका, असं आम्ही नातेवाइकांना रोज सांगतो. त्या माणसाचा चेहरा पाहून माझ्याच्यानं ते बोलवेना.

शेवटचा दिवस

सकाळी मेश्रामबाई अंगणात बसल्या होत्या. पांढरी साडी पुन्हा खुर्चीच्या पाठीवर होती. रेखा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तुमी सांगून पाहा ना त्यांना. आमचं नाही ऐकत. तुमी बाहेरच्या, तुमचं ऐकतील. म्हणा, समोरच्या रांगेत बसा, शाल घ्या, अन् बस."

मी त्यांच्या पायाशी पाटावर बसले. रेखानं पढवलेलं सगळं म्हणून पाहिलं. सगळे तुमचा मान राखतील, त्रास होईल, लांबचा प्रवास आहे. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग मी ते सगळं सोडून दिलं आणि सरळ विचारलं, "बाई, शब्द येतील का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सावकाश, स्पष्ट, नकारार्थी मान हलवली.

"आणि तरी जायचंय?"

त्यांनी डाव्या हातानं साडी ओढून मांडीवर घेतली.

हे मी रेखाला जसंच्या तसं सांगितलं. ती आत गेली आणि इस्त्री घेऊन आली. विनोद दारातून म्हणाला, "रेखा, काहून करून राहिली हे? तमाशा होईन तिचा."

"होऊ द्या," रेखा म्हणाली. "त्या शिकवत होत्या तेव्हा कोणाले विचारून शिकवत नव्हत्या."

दुपारी सभागृह गच्च भरलं होतं. बसायला जागा नव्हती म्हणून मुली भिंतीला टेकून उभ्या. विनोद आमच्या शेजारी, रांगेच्या कडेला बसला, हात गुडघ्यांत दाबून. मंचावर त्या वर्षी पास झालेल्या मुली रांगेनं, हातात पणत्या. अध्यक्षबाईंनी मेश्रामबाईंना शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. शपथ द्यायला नेमलेल्या सिस्टर माइककडे निघाल्या. तेवढ्यात मेश्रामबाईंनी नारळ शेजारी उभ्या असलेल्या रेखाच्या हातात दिला आणि पाय ओढत माइककडे चालू लागल्या. रेखा त्यांच्या मागे, हात न लावता, पण पडल्या तर धरता येईल इतक्या अंतरावर. नेमलेल्या सिस्टरांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी मानेनंच होकार दिला. त्या सिस्टर बाजूला झाल्या.

दिवे मंद केले. पणत्या तेवढ्या राहिल्या. सगळं सभागृह उभं राहिलं.

बाई माइकसमोर उभ्या होत्या. काही आवाज येत नव्हता. वर पंखे फिरत होते तेवढंच. समोर इतक्या जणी, शपथ प्रत्येकीला तोंडपाठ. एकीनं पहिला शब्द पुटपुटला असता तरी पुरे होतं. पण कोणी पुटपुटलं नाही. झटका आलेल्या माणसाचा शब्द आपण पुरवायचा नाही, थांबायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, आणि त्या सभागृहातल्या कितीतरी जणींना ते खुद्द मेश्रामबाईंनीच शिकवलेलं. सगळ्या थांबल्या. मी वॉर्डात पुष्कळ शांतता पाहिली आहे, चांगली आणि वाईट. अशी कधी अनुभवली नव्हती. अंगावर काटा आला, तो अजून लिहितानाही येतोय.

विनोद रांगेबाहेर सरकला. मंचाकडे जाणार, तो मी त्याचा दंड धरला. नसीमनं दुसरीकडून धरला.

मग बाईंनी तोंड उघडलं. आवाज नव्हता. ओठ मात्र हलत होते, एका ओळीला लागतो तेवढा वेळ. ओठ मिटले. त्यांनी डावा हात आमच्याकडे केला, आता तुम्ही, अशा अर्थी.

आणि सभागृहानं पहिली ओळ म्हटली. अगदी त्यांनी ती मोठ्यानं म्हणून दाखवली असावी तशी, त्यांच्या मागोमाग.

पुन्हा ओठ हलले. पुन्हा हात. दुसरी ओळ. मंचावरच्या काही पोरी रडत होत्या, पण म्हणत होत्या. माझी शपथ मराठीत झालेली, इथली हिंदीत. मी दोन्ही मिसळून काहीतरी म्हणत होते. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं. माणसाच्या तोंडून एक अक्षर निघत नाही आणि एवढा मोठा जमाव त्याच्या मागोमाग बोलतो, हे मी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

मध्यावर एक ओळ येते, रुग्णाच्या घरातल्या गोष्टी आपल्या पोटात ठेवण्याबद्दलची. लांबलचक आहे. रडं आवरत, घाईघाईत सभागृहानं तिचा शेवट गिळला आणि पुढच्या ओळीसाठी सगळ्या थांबल्या.

बाईंचा हात वर गेला. तळवा आमच्याकडे. थांबा.

त्यांनी मान हलवली, नाही. कपाळाला आठी. एक बोट उभं केलं आणि तीच ओळ पुन्हा, सावकाश, ओठांनी म्हटली. शेवटचा, आम्ही गिळलेला भाग तर दोनदा. सभागृहात कुठेतरी कोणीतरी रडता रडता हसलं. मग आम्ही ती ओळ पहिल्यापासून म्हटली, पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत. बाईंनी ऐकून घेतली, मान डोलावली आणि पुढच्या ओळीला लागल्या.

माझ्या हातातला विनोदचा दंड सैल पडला होता. तो खाली बसला. आजूबाजूला सगळ्या उभ्या आणि तो एकटा बसलेला. "तिले सगळं पाठ आहे," तो म्हणाला. मला नव्हे, कोणालाच नव्हे. "सगळं आहे तिच्यात. कुठेच गेलं नाही."

शपथ संपली. दिवे लागले. टाळ्या किती वेळ वाजल्या ते मला सांगता यायचं नाही. नव्या पोरी बाईंच्या पायाशी वाकत होत्या आणि बाई डाव्या हातानं एकेकीची टोपी सरळ करत होत्या.

आमची गाडी संध्याकाळची होती. स्टेशन वाटेवरच, म्हणून सगळे एकाच गाडीतून निघालो. विनोदनं आईला पुढे आपल्या शेजारी बसवलं, पट्टा लावला. मागे मी, नसीम आणि रेखा. तो रुंद, मोकळा रस्ता सुरू झाला. मग विनोदनं घसा खाकरला.

"आई," तो म्हणाला, "आमच्या इथे ना, नवीन शिफ्ट इनचार्ज आला. भिलाईचा आहे. काही येत नाही त्याले, अन् दिवसभर ओरडून राहिला. परवा काय झालं, सांगतो तुले..."

बाईंचे खांदे हलू लागले. मागून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण डावा हात पदर शोधत होता तेवढा दिसला. विनोदनंही ते पाहिलं. गाडीचा वेग कमी झाला. रेखानं माझा हात घट्ट धरला.

"रड तू, आई," तो म्हणाला. "रड पाहिजे तेवढी. मी सांगून राहिलो, तू ऐक." आणि त्या भिलाईच्या माणसाची गोष्ट त्यानं पुढे सुरू केली.